जनाज्यानंतरचे घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. त्यानंतर मदतीला कोण आले नाही, एवढेच विचारावे अशी स्थिती होती. लष्कर आले, देशभरातून डॉक्टर आले, परदेशातून पैसा आला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. गेलेल्यांची नावे दरवर्षी घेतली जातात. हिंदू-मुसलमान, मराठा-मांग असा भेद त्या पहाटेने केला नव्हता आणि मदत करणाऱ्यांनीही फारसा केला नाही.

याच मुलखात आणखी एक मरण गेली काही दशके घरोघर फिरते आहे. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १७५ नांदेड जिल्ह्यातले होते आणि ७२ लातूरचे. ही मोजणी फक्त शेतकऱ्यांची आहे. गृहिणी, विद्यार्थी, रोजंदारीवाले, कारागीर यांची गणना तिच्यात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा आकडा पाहिला तर देशात १,७०,९२४ आणि एकट्या महाराष्ट्रात २२,७४६ माणसे अशी गेली. राज्याचा हा आकडा देशात सर्वांत मोठा होता. भूकंपाच्या जवळपास तिप्पट माणसे एका वर्षात एका राज्यातून जातात, पण त्यांच्या घरासमोर मदतीची रांग लागत नाही. तिथे पंचनामा येतो आणि एक प्रश्न येतो: का केले?

त्या प्रश्नाचे उत्तर मेलेला देऊ शकत नाही. म्हणून ते मागे राहिलेल्यांकडून वसूल केले जाते. बायकोने काही बोलले असेल, बापाने रागावले असेल, घरात काही असेल. आपल्या मोहल्ल्यात या चौकशीला धर्माचीही धार येते. 'हराम मौत' हे दोन शब्द उच्चारले की विषय संपतो. आमचा या लेखातला मुद्दा एवढाच आहे की कायद्यातली आणि धर्मातली मनाई जिवंत माणसाला थांबवण्यासाठी होती. इतिहासात तिचा मोठा वाटा मात्र मागे राहिलेल्यांना शिक्षा करण्यात खर्च झाला. कायदा आता या चुकीतून बाहेर आला आहे. आपण आलो आहोत का, हे तपासण्याची वेळ आहे.

कायद्याची उलटी वाट

आधी कायदा पाहू. जुन्या इंग्लंडमध्ये आत्महत्या करणाऱ्याला दफनभूमीत जागा नव्हती. त्याला चव्हाट्यावर पुरत असत आणि त्याची मालमत्ता राजा जप्त करी. चव्हाट्यावर पुरण्याची प्रथा १८२३ साली कायद्याने बंद झाली. पण मरण्याचा प्रयत्न हा गुन्हा राहिला आणि १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तो कलम ३०९ म्हणून आला. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९५१ साली ही दंडसंहिता इथेही लागू झाली. इंग्लंडने स्वतः हा गुन्हा १९६१ साली रद्द केला. आपण मात्र तो आणखी सहा दशके जपून ठेवला.

या इतिहासात १९८६ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी आणि त्यांच्या कुटुंबाने जगाचा निरोप घेतला. त्या घटनेने शेतकऱ्याच्या अशा मरणाला महाराष्ट्रात पहिल्यांदा सार्वजनिक चेहरा मिळाला. त्याच वर्षी मद्रासमध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही संस्था सुरू केली. खचलेल्या माणसाचे म्हणणे कोणताही निवाडा न करता ऐकून घ्यायचे, हे तिचे काम. आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे पाटील यांनी मारुती श्रीपती दुबळ खटल्यात कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. दुबळ हे मुंबईतील पोलीस शिपाई होते. अपघातानंतर त्यांचे मानसिक स्वास्थ्य बिघडले होते. ज्याला उपचार हवेत त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात काय अर्थ, असा त्या खटल्याचा मूळ सवाल होता. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ साली पी. रतिनम खटल्यात हे कलम रद्दबातल ठरवले, पण दोनच वर्षांनी, १९९६ साली, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते पुन्हा जिवंत केले.

पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. तो २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच्या कलम ११५ ने भूमिकाच फिरवली. मरण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे कायदा आता गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेणे, त्याच्यावर उपचार करणे व त्याचे पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी मानतो. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा जुने ३०९ गेले. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. पाकिस्ताननेही २०२२ च्या डिसेंबरात आपल्या दंडसंहितेतले असेच कलम रद्द केले. धर्माच्या नावावर उभ्या राहिलेल्या त्या देशातही हा बदल झाला, हे आपल्यातल्या शंकेखोरांनी लक्षात घ्यावे. कायदा बदलल्याचे अनेक घरांना अजून माहीत नाही. पोलीस केसच्या भीतीने ती माणसाला वेळेवर दवाखान्यात नेत नाहीत. एवढी एक माहिती पोचली तरी काही जीव वाचतील.

मनाई आणि रहमत

आता धर्माकडे येऊ. इस्लाममध्ये आत्महत्येला मनाई आहे, यात वाद नाही. पण ज्या सूरह निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःला मारू नका असा हुकूम आहे, त्याच आयतीचा शेवट अल्लाह तुमच्यावर मेहरबान आहे, या आशयाने होतो. मनाई आणि रहमत एका दमात आली आहेत. आपण पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरलो.

हदीसमध्येही दोन्ही बाजू आहेत. एका आत्महत्या करणाऱ्याचा जनाजा हजरत पैगंबरांनी स्वतः पढवला नाही, असे 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. या एका प्रसंगावर आपल्याकडे मोठा डोलारा उभा आहे. त्याच 'सहीह मुस्लिम'मध्ये हजरत तुफैल बिन अम्र यांच्या सोबत्याची हकिकत आहे. मदिनेची हवा न मानवलेला हा माणूस आजारपणाच्या वेदनेत स्वतःच्याच हाताने गेला. तुफैल यांनी त्याला स्वप्नात पाहिले. तो चांगल्या स्थितीत होता, फक्त त्याचे हात झाकलेले होते. हे ऐकून पैगंबरांनी त्याच्या हातांनाही माफी मिळावी, अशी दुआ केली. इमाम नववी यांनी यावरून स्पष्ट केले आहे की असा माणूस इस्लामबाहेर जात नाही.

फिकहचा निर्वाळाही याच दिशेचा आहे. मराठवाड्यातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. इमाम अबू हनीफा, इमाम मालिक, इमाम शाफई यांच्यासह बहुसंख्य फकीहांच्या मते अशा मय्यतीला गुसल द्यावे आणि तिची नमाज पढावी. ज्यांचे मत वेगळे होते त्यांच्यात हजरत उमर बिन अब्दुल अजीज आणि इमाम औजाई यांची नावे येतात. इतरांना धाक बसावा म्हणून एखाद्या मोठ्या आलिमने बाजूला राहावे, पण बाकीच्यांनी जनाजा पढावा, अशीही एक भूमिका आहे. म्हणजे 'याचा जनाजाच नाही' असे कबरस्तानाच्या दारात उभे राहून सांगणाऱ्याच्या पाठीशी आपल्याच मजहबचा आधार नाही.

आणखी एक हदीस कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मुलखात वारंवार सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळात कर्ज ठेवून मेलेल्याचा जनाजाही पैगंबर स्वतः पढवत नसत. 'तुम्ही पढा' असे सोबत्यांना सांगत. एकदा अशाच एका जनाज्याच्या वेळी अबू कतादा पुढे झाले आणि म्हणाले की याचे कर्ज माझ्याकडे लागले. दोन-तीन दिनारांचाच तो प्रश्न होता. मग पैगंबरांनी नमाज पढवली. पुढे परिस्थिती सुधारल्यावर, मुसलमान कर्ज ठेवून मेला तर ते फेडणे माझ्यावर, असे त्यांनी जाहीर केले. पैगंबर बाजूला राहिले ते मेलेल्याच्या घराला वाळीत टाकण्यासाठी नव्हे. त्या रिकाम्या जागेत कोणीतरी जबाबदारी घेऊन उभे राहिले, हा त्या प्रसंगाचा शेवट आहे. आपल्यातून अबू कतादा किती उभे राहिले?

कुरआनाने जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे. रमजानमध्ये आपली जकात रेशन किटमध्ये, साड्यांमध्ये, मदरशांच्या पावत्यांमध्ये जाते. ती जावी, त्याला आमची हरकत नाही. पण हंगाम हुकलेल्या, बँकेची नोटीस आलेल्या, तोंड लपवून फिरणाऱ्या माणसाचा त्या आठांतला हिस्सा त्याच्यापर्यंत किती पोचतो, याचा हिशेब मशीद कमिट्यांनी एकदा मांडावा.

कागद आणि घाई

सरकारी मदतीची कथाही समजून घेण्यासारखी आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने शेतकरी आत्महत्यांची पाहणी केली. राज्य सरकारच्या जानेवारी २००६ च्या निर्णयानुसार पात्र कुटुंबाला एक लाख रुपये देण्याची पद्धत ठरली. तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पात्रतेसाठी शेत कुटुंबातल्या कोणाच्या तरी नावावर हवे, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि ते थकलेले हवे. बटाईने कसणारा, इनामाची किंवा वक्फची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा, आजोबांच्या नावावरचा सातबारा कधी फेरफाराला न नेलेला, बिगरपरवाना सावकाराकडून उचल घेतलेला असे सगळे या चाळणीतून खाली पडतात. त्यांत आपली माणसे किती असतील, हे गावाकडचा कोणीही वाचक सांगू शकेल. मग मयताच्या घराला 'अपात्र' असा शिक्का मिळतो. दुःखालाही अपात्र ठरवता येते, हे त्या विधवेला तहसीलच्या ओट्यावर कळते.

इथे आपल्या मौनाची किंमतही मोजावी लागते. मय्यत लवकर दफन करावी ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. पण बदनामीच्या भीतीने जेव्हा 'अचानक गेला' असे सांगून, पोलिसांना न कळवता, शवविच्छेदन टाळून घाईने दफन उरकले जाते, तेव्हा नंतर हातात एकही कागद राहत नाही. पोलीस नोंद आणि शवविच्छेदन अहवालाशिवाय मदतीचा प्रस्ताव पुढे सरकत नाही. आधी इज्जत वाचवली, मग चूल विझली, असे होते. आणि 'आपल्यात असे होत नाही' ही आपली समजूतही कायम राहते.

विधवेचा प्रश्न पैशावर थांबत नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ विधवांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना, त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. कुरआनाने अपत्य असलेल्या विधवेला आठवा हिस्सा दिला आहे. मात्र १९३७ च्या शरीअत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली आणि तो आठवा हिस्सा सातबारावर क्वचितच उतरला. इद्दतचे चार महिने दहा दिवस ती घरात असते. तेवढ्यात दीर तलाठ्याकडे जाऊन येतो. हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही, कारण हे सर्व जातीधर्मांत चालते आणि आपण त्याला अपवाद नाही.

आपल्याच मराठवाड्यात या प्रश्नावर ज्यांनी सातत्याने आवाज उठवला त्यांत अंबाजोगाईचे अमर हबीब हे नाव ठळक आहे. त्यांच्या किसानपुत्र आंदोलनाने २०१७ पासून १९ मार्चला अन्नत्याग सुरू केला. शेतकऱ्याला बांधून ठेवणारे कायदे रद्द करा ही त्यांची मागणी आहे. तिच्याशी सहमत असो वा नसो, एका मुसलमान नावाच्या माणसाने चिलगव्हाणच्या घराचे सुतक दरवर्षी पाळावे, हे या मातीचे संचित आहे. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी बीड-लातूरकडच्या विधवांना पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश दिले आणि त्यातून 'नाम' संस्था उभी राहिली. कोणीतरी दारात आले, याचे मोल त्या रकमेपेक्षा मोठे होते.

दवा आणि दुआ

मनाच्या आजाराला आपल्याकडे 'असर' म्हणायची पद्धत आहे. पण आपली परंपरा एवढी गरीब नाही. नवव्या-दहाव्या शतकात बल्खच्या अबू जैद अल-बल्खी यांनी 'मसालिहुल अब्दान वल अन्फुस' या ग्रंथात शरीर आणि मन यांच्या आरोग्याचा एकत्र विचार केला. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण सापडत नाही असे दुःख यांत त्यांनी फरक केला, आणि दुसऱ्या प्रकारात शरीरावरही उपचार करावा लागतो असे सांगितले. आजचा मनोविकारतज्ज्ञ यापेक्षा फार वेगळे बोलत नाही.

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतील एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात मेले. त्या घटनेनंतर देशाने या प्रश्नाकडे पाहिले. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला तिथेच बसलेल्या डॉक्टरकडे पाठवतात. मराठवाड्यातही मोठे दर्गे आहेत, आणि नांदेड व लातूर दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. या दोहोंमध्ये अंतर आहे ते काही किलोमीटरचे आणि बरेचसे मनाचे.

उपचाराने फरक पडतो, याचा पुरावा शेजारच्या विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघर बोलायचे, अशी ती पद्धत होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले आणि जीव द्यावासा वाटणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. सरकारने २०१५ साली मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. त्यात आशा ताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची होती. आपल्या मोहल्ल्यात तिच्यापुढे एक जादा अडचण असते. आपली भाभी 'उदास वाटते का' याला नाही म्हणते, पण 'जी लगता नै, दिल डूबता' असे दखनीत सहज सांगते. तिची भाषा जाणणारी एक आपा आशा ताईबरोबर गेली तर दार उघडेल.

हा प्रश्न आता शेतापुरता राहिलेला नाही. लातूर पॅटर्नने या भागातल्या गरीब मुलांना डॉक्टर-इंजिनीअर केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. आपली अनेक मुले-मुली लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत नीटची तयारी करतात. बापाने जमीन गहाण ठेवलेली असते, हे मुलाला माहीत असते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिकवणी वर्गांसह सर्व शिक्षणसंस्थांसाठी मानसिक आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती वर्गाच्या भिंतीवर लागली की नाहीत, हे पालक म्हणून आपण जाऊन पाहायला हवे. नापास झालेल्या मुलाला 'घर तुझेच आहे' असे सांगायला मात्र कोणत्या न्यायालयाची गरज नाही.

मागे राहिलेले

जगभरच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली आहे. ज्या घरात असे मरण होते, त्या घरातल्या माणसांनाही तोच धोका वाढतो. म्हणून मागे राहिलेल्यांना आधार देणे म्हणजेच पुढचे मरण टाळणे होय. पुण्यातील 'कनेक्टिंग' ही संस्था अशा कुटुंबीयांसाठी काम करते. ज्यांनी हेच सोसले आहे त्यांच्याजवळ माणसाला मोकळे बोलता येते, असा अनुभव आहे. जे अजून आहेत, पण खचले आहेत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही मोफत सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक मशिदीच्या सूचनाफलकावर नमाजच्या वेळांखाली लिहायला काहीच हरकत नसावी.

या कामाची रीत आपल्याला कोणाकडून उसनी आणायची नाही. हजरत जाफर शहीद झाले तेव्हा पैगंबरांनी त्यांच्या घरी जेवण पाठवायला सांगितले, कारण त्या घरावर दुःख कोसळले होते. ती सुन्नत आजही आपल्या मोहल्ल्यात चालते. कोणाच्याही घरी मौत झाली की शेजारून डबे येतात. आपल्याला करायचे आहे ते एवढेच की आत्महत्या झालेल्या घराच्या दारात तो डबा थबकू नये. हजरत याकूब बेट्याच्या वियोगात डोळे जाईपर्यंत रडले, असे कुरआन सांगतो. त्यांच्या सबरला कोणी नावे ठेवली नाहीत. मग मुलगा गमावलेल्या अम्मीला 'रडू नकोस, त्याला अजाब होईल' असे सांगणारे आपण कोण?

जुम्म्याच्या खुतब्याआधीच्या बयानात वर्षातून दोनदा तरी या विषयावर बोलले जावे. हराम आहे हे सांगावे, आणि रहमत आहे हेही त्याच दमात सांगावे. शेताच्या औषधांचे डबे कुलपात ठेवा, असेही सांगावे. श्रीलंकेने अत्यंत घातक कीटकनाशकांवर बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. म्हणजे वाईट घडी टळली तर माणूस वाचतो. जनाजा पढावा. तीन दिवसांची ताजियत संपल्यावर चौथ्या दिवशीही कोणी जावे. त्यात लिहिता-वाचता येणारा एक जण असावा, जो तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देईल आणि विधवेचे नाव लागेपर्यंत चकरा मारील. मुलांची शाळेची फी कोण भरणार, हे चाळिसाव्याच्या जेवणाआधी ठरावे. आणि त्या घरात बसताना 'का केले' असे कोणी विचारू नये. तो कसा होता, हे विचारावे. मरणाच्या आधी त्याचे एक संपूर्ण आयुष्य होते आणि ते सांगायला घरातली माणसे कधीची थांबलेली असतात.